कोल्हापूरकरांसाठी गोव्याचा कुठला विमानतळ: मोपा की दाबोळी?

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९चा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. पण परदेशी विमान तिथून अजून उडत नाही. मग गाडी वळते गोव्याकडे, आणि तिथं विमानतळ दोन.

आधी तिकिटावरचा कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. नुसतं 'गोवा' वाचून निघालेला माणूस भलत्याच दारात उभा राहतो, आणि दोन्हींमधलं अंतर कापायला दीड-दोन तास जातात. तेवढ्यात चेक-इन बंद!

आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं उतरलं की मोपा पेडण्यातच, गोव्यात शिरल्या शिरल्या. दाबोळीला त्यापुढे म्हापसा, पणजी आणि झुवारीचा पूल ओलांडावा लागतो. आंबोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाटतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवाच काय तो दिसतो. दरड पडली तर विचारूच नका. पावसाळ्यात दोन तास जादा धरून निघा.

दाबोळी पोर्तुगीजांनी बांधलेला, १९६१नंतर नौदलाकडे गेलेला. धावपट्टी नौदलाची, त्यामुळे नागरी विमानांच्या वेळांवर मर्यादा येतात. जानेवारी २०२३पासून चालू झालेल्या मोपाला ही अडचण नाही. तिथून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस पणजी, म्हापसा, मडगावला सुटतात.

मुक्काम दक्षिण गोव्यात असेल किंवा वास्कोहून रेल्वे धरायची असेल, तरच दाबोळी. एरवी कोल्हापुरातून मोपाच सोयीचा.