छाटणीची बायपास कात्री: ओल्या काडीसाठी हीच घ्या

अॅन्व्हिल कात्रीचं पातं सपाट पट्टीवर दाबलं जातं आणि हिरवी काडी चेचली जाते. बायपासचं पातं समोरच्या बोथट, वाकड्या जबड्याला म्हणजे आकड्याला घासून पुढे जातं, जखम स्वच्छ राहते. वाळक्या लाकडाला अॅन्व्हिल चालेल; गुलाब-डाळिंबाला नको.

झाडाला हा घाव लगेच कळतो. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे अमिनो आम्ल बाहेर पडतं, कॅल्शियमची लाट शिरांतून सेकंदाला साधारण १ मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांत पोचते. तिथे जॅस्मोनिक आम्ल या झाडाच्या संरक्षण-संप्रेरकाचं सक्रिय रूप वाढतं, एरवी जनुकं दाबून धरणारी जॅझ प्रथिनं मोडली जातात आणि संरक्षणाची जनुकं चालू होतात. टोमॅटोच्या एका पानाला इजा झाली तरी धडधाकट पानांतही किडीचं पचन बिघडवणारी प्रथिनं साठतात, हे ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. केवढी ही तत्परता! पण चेचलेल्या टोकाच्या मेलेल्या पेशी भरून येत नाहीत, तिथेच बुरशी शिरते.

कापताना पातं राखायच्या भागाकडे, आकडा टाकायच्या तुकड्याकडे. डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या गाठीच्या) वर ५ मिलिमीटरवर तिरका काप. २० मिलिमीटरहून जाड फांदीला करवत घ्या. झाड बदलताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा, ब्लीचने गंजतं.

सालीचे धागे लोंबू लागले की मधला नट ढिला झालाय असं समजा. नट आवळून कागद कापून बघा: दुमडला तर पातं आणि आकड्यात अजून फट आहे. धार फक्त पात्याच्या उताराच्या (तिरक्या) बाजूनेच लावा. सपाट बाजू घासली की कात्री कायमची चेचायला लागते.