ट्रेकिंग पोल: वादळानंतरच्या वाटेवर खरी परीक्षा झाली

दोन वर्षं झाली हे अ‍ॅल्युमिनियमचे, तीन भागांचे, फ्लिक लॉकवाले (म्हणजे बाहेरचा खटका दाबून लांबी पक्की करायचे) पोल वापरतेय पण रिव्ह्यू लिहावासा वाटला तो आत्ता, कारण मोठं वादळ येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी मैत्रीण आणि मी डोंगरात गेलो आणि नेहमीची वाट ओळखूच येईना. पानांचा आणि मोडलेल्या फांद्यांचा एवढा थर की खाली दगड आहे, खड्डा आहे का नुसता चिखल, काही कळत नव्हतं. मी पुढे पोल टोचत जायचे, "इथे पोकळ लागतंय गं" म्हणून सांगायचे आणि ती मागून बरोब्बर माझ्याच पावलावर पाऊल टाकायची. एका ठिकाणी पोल मांडीएवढा आत गेला! कडेची माती खालून वाहून गेलेली, वर फक्त मुळांची जाळी आणि त्यावर पानं. अंगावर काटाच आला. मग डोंगराच्या अंगाला चिकटून पुढे सरकलो.

आता लॉकचं. हे नीट वाचा कारण सगळा फरक इथेच आहे. मैत्रिणीचे पोल ट्विस्ट लॉकचे, म्हणजे पिळून घट्ट करायचे, आत प्लास्टिकचा तुकडा फुगून नळीला घट्ट बसतो. कोरड्यात मस्त चालतात पण पाणी आणि बारीक वाळू आत गेली की पकड सुटते. उतारावर तिने भार टाकला आणि खालचा भाग सर्रकन वर गेला, गुडघ्यावर आपटली बिचारी. माझे दिवसभरात एकदाही सरकले नाहीत, आणि थंडीने बोटं बधिर झाली होती तरी खटका उघडता येत होता. चढावर थोडे आखूड करायचे आणि उतारावर 5 ते 10 सेंमी लांब, हे ओल्या हातांनीही सहज जमलं.

पुढे ओढा. एरवी घोटाभर पाणी असतं तिथे गढूळ लोंढा. पोल बुडवून बघितला तर काठावरच गुडघ्याच्या वर, आणि प्रवाहाने पोल हातात नुसता थरथरत होता. वेगाचं पाणी 15 सेंमी असलं तरी माणसाला पाडू शकतं त्यामुळे दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मागे फिरलो. पोल आहेत म्हणून पाण्यात उतरू नका प्लीज. आणि कुठे उथळ ओढा ओलांडायचा झालाच तर मनगटाचे पट्टे आणि बॅगेचा कमरेचा बेल्ट आधी सोडा, पडलात तर सुटता आलं पाहिजे.

पडलेल्या झाडांपाशी मात्र पोलची अडचणच होते, बॅगेला लावून दोन्ही हात मोकळे ठेवलेले बरे. वाकून दबलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते, तिला अजिबात हात लावू नका.

तक्रारी आहेतच. चिखलात रुतू नये म्हणून टोकाजवळ जी चकती असते ती एका पोलची निघून चिखलातच राहिली, नंतर तो पोल सारखा रुतत होता. फोमची मूठ पाणी पिते आणि तळहात सोलवटतो. कार्बाइडचं टोक मातीत आणि खडबडीत दगडावर छान धरतं पण गुळगुळीत ओल्या कातळावर घसरतं, तिथे भरवसा पायांवरच ठेवा.

घरी आल्यावर तिन्ही भाग वेगळे करून पुसून रात्रभर वाळू द्या, आत तेल घालायचं नाही, लॉक सरकायला लागतात. माझ्या नळीतून चमचाभर गाळ निघाला तरी खटके पहिल्यासारखेच घट्ट बसतायत. पाचपैकी चार स्टार, एक त्या चकतीसाठी कापला. मैत्रिणीचा गुडघा बरा आहे आता, तिनेही फ्लिक लॉकवालेच मागवलेत.