युनिव्हर्सिटी ब्ल्यूचा खिसा आणि बोळातलं फ्रेमचं दुकान

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून आत वळलं की एका बोळात फोटो फ्रेमचं लहानसं दुकान आहे. बाहेर देवांच्या तसबिरी, आत पट्ट्यांचे नमुने आणि एकच लांब टेबल. तिथं मी दोन वस्तू नेल्या होत्या: कर्नाटक विद्यापीठाच्या १९८६-८७ च्या फुटबॉल संघाचा ग्रुप फोटो आणि माझ्या 'युनिव्हर्सिटी ब्ल्यू'च्या ब्लेझरचा उसवून ठेवलेला खिसा.

खरं तर मी धास्तावलेलोच होतो. आधी दुसऱ्या एका दुकानात कॉलेजच्या टीमचा फोटो दिला होता. त्यांनी न विचारता लॅमिनेशन मारलं. आता आमच्या सेंटर हाफच्या तोंडावर बुडबुडा आहे, तो निघत नाही.

इथल्या पोरानं आधी फोटो उलटा करून पुठ्ठा बघितला. कसर लागलेली जागा मऊ ब्रशनं झाडली. म्हणाला, "सर, फोटो काचेला टेकवायचा नाही. आपल्याकडच्या पावसात चिकटतंय बघा." म्हणून मध्ये जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. खालच्या पट्टीवर टाइप केलेली खेळाडूंची नावं आहेत. माउंट कापताना ती झाकली जाऊ नयेत म्हणून त्यानं दोनदा माप घेतलं. कॅप्टनच्या पायाशी चेंडू, त्यावर खडूनं लिहिलेलं साल. तेही स्वच्छ दिसतंय.

खिसा हातात घेऊन त्यानं विचारलं, "ब्ल्यू म्हणजे काय ओ सर?" मग मी टेबलाशी बसूनच सांगितलं. तेव्हा बेळगावची कॉलेजं धारवाडकडं होती. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत सुरू झालं आणि १९५० ला धारवाडला आलं. आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. आधी कॉलेजांचे सामने, मग निवड, मग दक्षिण विभागातल्या विद्यापीठांचे सामने. तिथं वरचा नंबर आला तर सर आशुतोष मुखर्जी करंडकासाठी देशभरातल्या विद्यापीठांशी गाठ. विद्यापीठाकडून खेळला तो 'युनिव्हर्सिटी ब्ल्यू'. हा शब्द आला ऑक्सफर्ड-केंब्रिजकडून. १८३६ च्या बोटींच्या शर्यतीत केंब्रिजवाल्यांनी नावेला फिकट निळी फीत बांधली, ऑक्सफर्डचा गडद निळा; त्या रंगावरून खेळाडू 'ब्ल्यू'. या दोघांचा फुटबॉलचा पहिला सामना १८७४ चा, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एफए कप, म्हणजे इंग्लंडची मोठी फुटबॉल स्पर्धा, जिंकली. पोरगं टाचण्या तोंडात धरून ऐकत होतं.

खिसा त्यानं डिंकानं चिकटवला नाही. मागून बारीक टाके घालून कापडावर बसवला. "उद्या काढायचा झाला तर निघायला पाहिजे की," म्हणाला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सुचलंही नसतं.

दोन फ्रेमचे मिळून अठराशे रुपये घेतले. आठ दिवस सांगून बारा लावले. गणपती तोंडावर होते, तसबिरींची गर्दी. साधी काच घेतली तर ट्यूबलाइट चमकते, तेवढं ध्यानात ठेवा आणि थोडे जास्त देऊन मॅट काच मागा. मी ती मागितली नाही, आता फ्रेम खिडकीसमोरून हलवावी लागली.

आमचा गोलकीपर खानापूरचा. तो आता नाही. मागच्या रविवारी त्याचा मुलगा घरी आला, फ्रेमसमोर उभा राहिला आणि खालच्या पट्टीवर बोट फिरवत वडिलांचं नाव वाचलं. त्यालाही एक प्रत करून हवी आहे. उद्या परत त्याच दुकानात निघालोय, यावेळी मॅट काच सांगायला.