बारावीच्या लेकीसाठी समुपदेशन: तीन बैठकांचा आमचा अनुभव

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या या करिअर समुपदेशन केंद्रात आम्ही ऑगस्ट ते ऑक्टोबर तीनदा गेलो. फी 3,500 रुपये. त्यात संगणकावरची कल चाचणी आणि समुपदेशक मॅडमसोबत तीन बैठका. कोणाला जायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. थोरली लेक बारावी सायन्सला, गंगापूर रोडच्या कॉलेजात. एसटीने निमाणीला उतरते, तिथून सिटी बस. अकरावीला प्रवेश घेताना क्लासवाल्यांनी सांगितलं, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्या, डॉक्टर-इंजिनिअर दोन्ही रस्ते मोकळे राहतात. आम्हाला ते पटलं. मग डॉक्टरकीची नीट, इंजिनिअरिंगची जेईई आणि राज्याच्या सीईटीचे दोन्ही ग्रुप (गणिताचा पीसीएम, बायोलॉजीचा पीसीबी), अशी सगळी तयारी एकाच पोरीच्या डोक्यावर आली. बारावीच्या पहिल्या घटक चाचणीत केमिस्ट्रीला 25 पैकी 9 मिळाले. ती रडली नाही, पण घरात बोलेनाशी झाली. जेवायला हाक मारली की 'हो' म्हणायची आणि खोलीतच बसून राहायची. तेव्हा मी नंबर लावला.

आधी कल चाचणीचं सांगतो, कारण तिथं माझं समाधान झालं नाही. दीड तासाची परीक्षा, मग 28 पानांचा रंगीत अहवाल, सगळा इंग्रजीत. माझ्या मिसेसला तो वाचता येईना. मराठीत मिळत नाही म्हणाले. आत काय, तर तुमच्या मुलीला निसर्गाची आवड आहे, ती शिस्तप्रिय आहे. हे आम्हाला ती पाचवीत असल्यापासून माहीत होतं. मॅडमनी मात्र न कंटाळता पाऊण तास बसून त्यातलं कामाचं तेवढं मिसेसला मराठीत समजावलं.

खरा उपयोग झाला तो पुढे. मॅडमनी लेकीला एक साधी वही दिली आणि सांगितलं, सात दिवस झोपेतून उठल्यापासून काय काय केलंस ते वेळेसकट लिही, अभ्यासाचं खोटं लिहू नकोस. सोबत प्रॅक्टिकलची चारही जर्नल घेऊन ये. दुसऱ्या बैठकीत ती वही आम्ही तिघांनी एकत्र वाचली. रोजचे पावणेतीन तास प्रवासात. कॉलेज सुटल्यापासून क्लास सुरू होईपर्यंत सव्वादोन तास, त्यात ती क्लासखालच्या जिन्यावर बसायची, कारण जायला जागा नव्हती. हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं. वाचताना मान खाली गेली माझी. जर्नल तर दोनच विषयांची पुरी होती. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हींना बोर्डाचे 70 गुण लेखीचे आणि 30 प्रॅक्टिकलचे, आणि त्या तिसांकडे आमच्यापैकी कोणाचं लक्षच नव्हतं.

लेक कॉलेजच्या एनसीसीत आहे. क्लासचं म्हणणं होतं, एनसीसी सोडा, परेडमध्ये वेळ जातो. वहीत परेडचे आठवड्याला चारच तास निघाले. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पूर्ण आठवड्यात ही पोरगी या चार तासांतच मोकळी हसतेय, ते काढू नका." दोन वर्षं पुरी केली की 'बी' सर्टिफिकेटची परीक्षा देता येते, एक वर्ष तिने काढलंच होतं. एनसीसी राहिली. त्याऐवजी त्या सव्वादोन तासांसाठी क्लासजवळच्या अभ्यासिकेत महिना 700 रुपयांची खुर्ची घेतली. माझ्या मते साडेतीन हजार त्या एका गोष्टीत वसूल झाले.

मग परीक्षा. मॅडमनी 'हे करा' असं एकदाही सांगितलं नाही. कागद पुढ्यात ठेवून फरक दाखवला. नीटला 180 प्रश्न, 720 गुण, चुकलं की एक गुण वजा, आणि अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम. सीईटीच्या पीसीबी ग्रुपला 200 गुण, त्यात बायोलॉजीचे 100, चुकीला गुण कापत नाहीत, आणि अकरावीचा भाग 20 टक्के. लेकीची अकरावी कच्ची राहिली होती, ती स्वतःच म्हणाली. मग मॅडमनी तिला विचारलं, घरी कोणतं काम सांगायची वाट न बघता करतेस? ती म्हणाली, पप्पांचं फवारणीचं रजिस्टर. खरंच आहे ते. कोणतं औषध, किती लिटरला किती, काढणीच्या आधी किती दिवस बंद, हे दोन वर्षांपासून तीच लिहिते. द्राक्षात औषधाचा अंश (रेसिड्यू) किती उरला ते बघायला नमुना प्रयोगशाळेत गेला की अहवाल माझ्याआधी ती वाचते आणि युरोपच्या मर्यादेशी एकेक आकडा ताडून बघते. हे शिक्षणाच्या खात्यात धरायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं.

मॅडमनी तिला गोवर्धनजवळ मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन माती परीक्षण बघून यायला सांगितलं. अर्धा दिवस ती तिथं होती. घरी आल्यावर रात्री साडेदहापर्यंत बोलत होती, बऱ्याच महिन्यांनी.

तिसऱ्या बैठकीची तारीख ऐन छाटणीत आली. त्यात पाऊस लागला, कोवळ्या फुटीवर डावणी रोगाची भीती, मला बाग सोडता येईना. फोन केल्यावर मॅडमनी कुरकुर न करता संध्याकाळी सातची वेळ दिली. त्या दिवशी लेकीनं सांगितलं की तिला जेईई आणि नीट नको. गणित बोर्डापुरतं, सगळा जोर सीईटीवर, आणि पुढे चार वर्षांचं बीएस्सी ॲग्री. डॉक्टर होणार असं मी गावात सांगून बसलो होतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मॅडमनी मला समजावलं नाही की गप्प केलं नाही, तिला म्हणाल्या, तुझ्या पप्पांना कारण तूच सांग. तिनं सांगितलं, आणि मला उत्तर सुचलं नाही.

उणीव एक मोठी. फी आणि सवलतींबद्दल इथं काहीच मार्गदर्शन मिळालं नाही. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, हे मला कॉलेजच्या कार्यालयात कळलं. खेड्यातल्या बापाचा पहिला प्रश्न तोच असतो, तो इथंच सुटायला हवा. शिवाय ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मॅडम एकट्याच असल्यामुळे तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळते.

जायचं असेल तर अकरावीच्या दिवाळीआधी जा, आमच्यासारखं बारावीच्या ऑगस्टपर्यंत थांबू नका. कल चाचणी न देता नुसत्या बैठका घेता येतात का, ते आधी विचारा. आणि सात दिवसांची वही पहिल्याच वेळी लिहून न्या, म्हणजे एक बैठक वाचेल.