बोसमनी रेनबोफिश: दीड वर्ष पाळल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी आमच्या पाण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो, सोसायटीत बोअर नाहीतर टँकर. पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजत नाही, नळाला आणि गीझरला पांढरा थर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला तर ५५० च्या आसपास, पीएच ७.८. ह्या पाण्यात मी तीन वेळा निऑन टेट्रा आणून मारले, मारलेच म्हणायचं कारण ते बिचारे मऊ पाण्यातले मासे. दुकानदार प्रत्येक वेळी म्हणायचा ताई आरओचं पाणी घाला, पण अडीचशे लिटरच्या टँकला आरओचं पाणी घालायचं म्हणजे तेवढंच पाणी गटारात सोडायचं, उन्हाळ्यात इथे प्यायच्या पाण्याची मारामार असते, मनाला पटेना.

मग उलटा विचार केला. ह्या पाण्यात खूश राहील असा मासा कुठला? शोधता शोधता बोसमनी सापडला. हा मूळचा इंडोनेशियातल्या पश्चिम पापुआचा, तिथल्या अजामारू तलावांच्या भागातला, आणि तो सगळा प्रदेश चुनखडीचा, म्हणजे पाणी जड आणि अल्कलाइन. वाचलं आणि म्हटलं हा तर आपल्या बोअरचाच मासा! नाव मारिनस बोसमन ह्या डच संशोधकावरून, त्यांनी १९५० च्या दशकात हे मासे तिथून जमा केले होते, पण शास्त्रीय वर्णन पार १९८० साली झालं, ॲलन आणि क्रॉस ह्या संशोधकांनी केलं.

आता खरी गंमत, आणि बहुतेक लोक हा मासा का घेत नाहीत त्याचं कारण. दुकानात हा मासा दिसतच नाही हो! म्हणजे समोर असतो पण नजर ठरत नाही. दीड-दोन इंचाची करडी, चंदेरी पिल्लं, शेजारच्या टँकमध्ये लालभडक पॅरट मासे आणि गप्पी, कोण बघणार त्यांच्याकडे. मी आठ घेतले, नग दीडशे रुपयांनी, घरी आणल्यावर नवरा म्हणाला ह्यापेक्षा ओढ्यातले मासे बरे दिसतात. पहिले चार-पाच महिने मलाही तेच वाटत होतं. सहाव्या महिन्यात मोठ्या नराच्या शेपटीजवळ पिवळी झाक आली, मग ती पुढे सरकत सरकत अर्ध्या अंगापर्यंत आली आणि केशरी झाली, आणि वर्षभराने जे दिसलं ते सांगते, पुढचं अर्धं अंग पाऊस यायच्या आधी आभाळ दाटतं तसं निळं-करडं आणि मागचं अर्धं झेंडूचं. मध्ये दोन्ही रंग भेटतात तिथे एक-दोन खवले हिरवट चमकतात, ते फक्त जवळून आणि तिरक्या उजेडातच दिसतात.

उजेडाचं महत्त्वाचं आहे. ह्यांचा रंग चमकीचा आहे, वरून पडणाऱ्या लाइटमध्ये अर्धाच दिसतो. आमचा टँक पूर्वेच्या खिडकीसमोर आहे, सकाळी सातच्या सुमारास ऊन आडवं येतं तेव्हा नर एकमेकांसमोर येतात, पंख पूर्ण पसरून गोल गोल फिरतात, आणि नाकापासून पाठीवरच्या पंखापर्यंत कपाळावर एक पांढरट पट्टा एकदम पेटतो, बटण दाबल्यासारखा, आणि माद्या लांब गेल्या की तसाच विझतो. एकमेकांना जखम करत नाहीत, नुसता रुबाब. सासूबाई चहाचा कप घेऊन रोज तिथेच बसतात, वीस मिनिटं टीव्ही लागत नाही.

आता ज्यांना घ्यायचेत त्यांच्यासाठी. टँक लांब हवा, माझा चार बाय दीड बाय दीड फूट आहे आणि त्याहून लहान घेऊ नका, नर चार इंचाच्या वर जातो आणि हे मासे दिवसभर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात. कमीत कमी सहा ठेवा आणि माद्या जास्त ठेवा, मादी चंदेरी राहते म्हणून लोक नुसते नर मागतात, पण माद्या नसतील तर तो सकाळचा खेळ फिका पडतो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून आठ-दहा एकदम घेतलेले बरे. तोंड लहान आणि घसा अरुंद, त्यामुळे बारीक दाणाच द्या, मी बारीक पेलेट, स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) आणि आठवड्यातून एकदा सालं काढून चुरलेले उकडलेले मटार देते. खादाड आहेत, पोट लगेच सुटतं, एक दिवस उपास हवाच. दर रविवारी पाव टँक पाणी बदलते, टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून अँटीक्लोरीन न विसरता.

आणि झाकण! हे मी पायाने शिकले असं म्हणेन. फिल्टरच्या पाइपसाठी मागे जेमतेम दोन बोटांची फट होती, तेवढ्यातून माझा सगळ्यात मोठा नर उडाला आणि सकाळी टीव्हीच्या युनिटमागे वाळलेला माझ्या पायाला लागला. दोन दिवस जेवण गेलं नाही. आता तिथे स्पंज कापून बसवलाय, तुम्ही पहिल्याच दिवशी बसवा.

दुकानाबद्दल एक तक्रार आहे, नाव घेत नाही. आठातला एक मोठा झाल्यावर ना निळा ना केशरी, सगळा मिसळलेला निघाला, म्हणजे दुसऱ्या रेनबोशी क्रॉस झालेला. हे सर्रास होतं कारण पिल्लं सारखी दिसतात आणि एका टाकीत अनेक जाती ठेवल्या जातात. मासा तब्येतीने छान आहे, मी काढला नाही, पण विकताना सांगायला हवं होतं. जमलं तर आई-बाप दाखवा म्हणा. आणि फार्मवर पैदास केलेलेच घ्या, तलावातला मूळ बोसमनी आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था) यादीत धोक्यात आलेला आहे, तिथून पकडून आणलेले घ्यायची काही गरज नाही.

मार्चमध्ये सासूबाईंच्या उरलेल्या हिरव्या लोकरीचा झुपका करून अंडी घालायला म्हणून टँकमध्ये सोडला, चार दिवसांनी बघते तर धाग्यांना काचेच्या मण्यांसारखी अंडी चिकटलेली. ही मादी एकदम ढीगभर घालत नाही, रोज थोडी थोडी घालते. झुपका वेगळ्या टाकीत ठेवला, आठव्या दिवशी पिल्लं दिसली, पापणीच्या केसाएवढी, पाण्याच्या अगदी वरच्या थरात. पहिला आठवडा इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) दिला, निम्मी तरी गेली, आता अकरा आहेत, पाऊण इंचाची, आणि अजून साफ करडी. वाघोली-खराडीकडे कोणाला हवी असतील तर दिवाळीपर्यंत थांबा, जरा अंग धरू देत. आणि टँक चार फुटी असेल तरच मागा.