टेस्ट स्क्रिप्टमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स: एक्सपोर्ट, सबशेल की ‘एन्व्ह -आय’?

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) आपण सुरू केलेल्या प्रोसेसना नावानिशी देतो ती व्हॅल्यू. ती देण्याचा मार्ग निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: ही व्हॅल्यू कुठपर्यंत पोचायला हवी?

‘एक्सपोर्ट’ सगळ्यांच्या सवयीचं. एकदा लिहिलं की त्यापुढे स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसला ती व्हॅल्यू मिळते. सगळ्या टेस्टना लागणाऱ्या डेटाबेसच्या पत्त्यासाठी हे योग्यच. पण तिसऱ्या टेस्टसाठी केलेलं एक्सपोर्ट सातव्या टेस्टपर्यंत तसंच राहतं, आणि सातवी एकटी चालवली की फेल होते. असा बग शोधण्यात अख्खी दुपार जाते.

एकाच कमांडपुरती व्हॅल्यू हवी असेल तर ती कमांडच्या आधी, त्याच ओळीत लिहा: ‘टीझेड=यूटीसी ./रिपोर्ट.एसएच’ (टीझेड म्हणजे टाइमझोन). कमांड संपली की व्हॅल्यूही गेली. माझा कल बहुतेक वेळा इकडेच. खाच एकच: त्याच ओळीत पुढे डॉलर लावून तेच व्हेरिएबल वापरलं, तर शेल जुनी व्हॅल्यू भरतो, कारण तो आधी ओळ उलगडतो आणि मग नवी व्हॅल्यू कमांडला देतो. शिवाय कमांडच्या जागी शेल फंक्शन असेल, तर नंतर व्हॅल्यू उरते की नाही हे शेलवर ठरतं. तिथे हा मार्ग टाळा.

चार-पाच कमांडना मिळून तीच व्हॅल्यू लागते तेव्हा सबशेल, म्हणजे शेलची वेगळी प्रत, घ्या. साध्या कंसात एक्सपोर्ट करा, कंस बंद झाला की बाहेर काही सांडत नाही. मात्र आत वाढवलेला ‘किती टेस्ट फेल’चा काउंटरही बाहेर येत नाही. निकाल एक्झिट कोडनेच, म्हणजे संपताना परत दिलेल्या आकड्यानेच, कळवावा लागतो.

‘एन्व्ह -आय’ सगळ्यात कडक. पाटी कोरी करून प्रोग्राम चालतो, म्हणून पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे) आणि होम (आपलं मुख्य फोल्डर) स्वतः द्यावे लागतात. रोज नको वाटेल, पण ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ या वादाचा निकाल यानेच लागतो. आपल्या लॅपटॉपवर एशिया/कोलकाता, सीआय सर्व्हरवर (टेस्ट आपोआप चालवतो तो) बहुधा यूटीसी. आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात तिथे आदल्या दिवसाची तारीख असते, आणि तारखेच्या नावाची फाइल शोधणारी टेस्ट तेवढ्यात पडते. ‘सॉर्ट’चा क्रमही एलसी_ऑल या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. म्हणून टीझेड आणि एलसी_ऑल ही दोन्ही मी कायम स्पष्ट लिहितो.

व्हेरिएबल्स बरीच असतील तर त्यांची यादी ठेवणारी डॉट-एन्व्ह फाइल सोयीची. ती ‘सेट -ए’ (पुढची व्हेरिएबल्स आपोआप एक्सपोर्ट) आणि ‘सेट +ए’ (ते बंद) यांच्या मध्ये सोर्स करा, म्हणजे चालू शेलमध्येच चालवा. त्याऐवजी फाइल वाचायला काहीजण वापरतात ती ‘कॅट’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ या कमांडची जोडणी व्हॅल्यूत स्पेस आली की मोडते. सोर्स केलेली फाइल कोड म्हणूनच चालते, तेव्हा परक्याची फाइल उचलू नका. आणि व्हॅल्यूत टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) असेल तर आधी ‘सेट +एक्स’ करा, म्हणजे चालवलेली प्रत्येक कमांड छापणं बंद होतं. नाहीतर कुठलाही मार्ग निवडा, ते सीआयच्या लॉगमध्ये छापलं जाऊ शकतं.