टूरिंग मोटरसायकलची देखभाल : घरी, मिस्त्रीकडे की सर्व्हिस सेंटरला?

सोलापुरात साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी घेणाऱ्या बहुतेकांसमोर मोफत सर्व्हिसिंग संपल्या की एकच प्रश्न उभा राहतो. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच नेत राहावी, ओळखीच्या मिस्त्रीच्या हवाली करावी, की पाने आणून अंगणात स्वतःच कामाला लागावे? या तिन्हींची तुलना सहसा बिलाच्या आकड्यावर होते आणि माझ्या मते तिथेच ती फसते. पैशांचा फरक आहे, सर्व्हिस सेंटरच्या मजुरीवर १८ टक्के जीएसटीही लागतो, पण निर्णय त्यावर घेऊ नये. एखादे काम किती किलोमीटरला करावे लागते आणि ते बिघडले तर गाडी कुठे अडकेल, हे दोन प्रश्न विचारले की कामांची वाटणी आपोआप होते. जे काम पाचशे किलोमीटरला करायचे असते, ते कोणतेही गॅरेज आपल्यासाठी करणार नाही, कारण तेवढ्या वेळा आपण तिथे जातच नाही. उलट जे काम वीस हजार किलोमीटरला एकदा येते, त्याची हत्यारे घरी आणून ठेवणे ही हौस झाली. तिला बचत म्हणता येणार नाही.

चेन : घरचे पारडे जड

चेनपासून सुरुवात करणे योग्य, कारण तिन्ही पर्यायांतला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. टूरिंग गाड्यांना बहुधा ओ-रिंग किंवा एक्स-रिंग (कड्यांमध्ये रबरी रिंग असलेली) चेन असते आणि तिला साधारण ५०० किलोमीटरला वंगण द्यावे लागते. सोलापूरहून पुण्याला जाऊन परत आले की हे अंतर भरते, आणि हैदराबादची फेरी केली तर परतीच्या वाटेवरच ते ओलांडले जाते. सर्व्हिस सेंटरमध्ये चेन नीट साफ होते, पण गाडी तिथे काही हजार किलोमीटरनंतर जाते. मधल्या काळात चेन कोरडीच धावते. काही गॅरेजांमध्ये अजूनही चेनवर इंजिनातून काढलेले जळके ऑइल सोडण्याची पद्धत आहे. त्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे बारीक कण असतात, शिवाय उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या बाजूला गेले की त्यावर धुळीचा थर बसून स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे, दात खाणारे मिश्रणच तयार होते.

घरी हे काम अर्ध्या तासात होते. गाडी डबल स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडवर) घ्यावी, इंजिन बंद ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि मागचे चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून चाक फिरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट गेले तर ते शाबूत राहत नाही. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश एवढे साहित्य पुरते. पेट्रोल ओ-रिंगच्या रबराला मानवत नाही आणि तारेचा ब्रश ती रिंगच ओरबाडतो. पुसायला सोलापूरकराला वेगळे काही आणावे लागत नाही, कारण घरात जुन्या टेरी टॉवेलला तोटा नसतो आणि त्या कापडाइतके ऑइल शोषणारे दुसरे काही मिळणार नाही. वंगण चेनच्या आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर द्यावे आणि शक्यतो फेरीहून आल्यावर चेन कोमट असताना द्यावे. रात्रभर ते मुरले की सकाळी रिमवर ठिपके उडत नाहीत.

चेनचा सैलपणा तपासणे हे त्याहून महत्त्वाचे. खालच्या पट्टीच्या मध्यभागी मोजपट्टी उभी धरून चेन बोटाने वर-खाली करावी. बऱ्याच गाड्यांत ही हालचाल २५ ते ३५ मिलिमीटर असणे अपेक्षित असते, पण अखेरचा शब्द आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा. चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे ती सर्वांत ताणलेली भरते तेच माप धरावे. ताणण्यासाठी मागच्या एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवावेत आणि स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा जुळल्याची खात्री करावी. येथे घाईत काम करणारा मिस्त्री हमखास चेन जास्त ताणून देतो, कारण ताणलेली चेन गिऱ्हाइकाला ‘बरोबर’ वाटते. मात्र मागे माणूस आणि सामान बसले की स्विंगआर्म दबतो, चेन आणखी ताणली जाते आणि तिचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

धूळ, पाणी आणि काळी माती

एअर फिल्टरच्या बाबतीत सर्व्हिस सेंटर वेळापत्रकाने चालते, आणि ते वेळापत्रक सर्वसाधारण रस्ते गृहीत धरून आखलेले असते. धुळीच्या भागात फिल्टर आधी बदलावा, असे मॅन्युअलमध्येच लिहिलेले आढळते, आणि सोलापूर जिल्हा उन्हाळ्यात त्या व्याख्येत पुरेपूर बसतो. झाकणाचे स्क्रू काढून फिल्टर पाहणे घरी सहज जमते. मात्र कागदी फिल्टर तेलकट स्पर्शाचा असेल तर तो हवा मारून साफ करायचा नसतो, सरळ बदलायचा असतो. हवेच्या पाइपने फडाफड धूळ उडवून तोच परत बसवला तर बचत दिसते, पण बारीक धूळ इंजिनात जायला वाट मिळते.

धुण्याबद्दल थोडक्यात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात गाडीवर पाइप सोडून बसणे शोभत नाही, आणि बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की टाकीवर पांढरे डाग ठेवून जाते. वॉशिंग सेंटरला न्यायचे तर प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि स्विचवर थेट मारू देऊ नये. पावसाळ्यात शेतरस्त्याला गाडी गेली असेल तर मात्र त्याच दिवशी मडगार्डच्या आतली काळी माती काढणे भाग आहे. ती वाळली की चाक अडवण्याइतकी घट्ट होते आणि मग पान्याने खरवडावी लागते.

ऑइल, ब्रेक आणि त्यापुढची कामे

इंजिन ऑइल हे सीमेवरचे काम आहे. घरी ते अवघड नाही. गाडी थोडी गरम करून ड्रेन बोल्ट काढावा, फिल्टर बदलावा, नवा वॉशर घालावा आणि मॅन्युअलने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल मोजून भरावे. एवढे केले तरी दोन अडचणी उरतात. मोटरसायकलचा क्लच बहुधा ऑइलमध्येच बुडालेला असल्यामुळे डब्यावर जासो या जपानी दर्जाची एमए किंवा एमए२ ही खूण असलेलेच ऑइल हवे; कारसाठीचे घर्षण कमी करणारे ऑइल ‘भारीतले’ म्हणून ओतले तर क्लच घसरू लागतो. दुसरे, ड्रेन बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसतो आणि अंदाजाने आवळला तर आटे जातात. आटे गेले की दुरुस्तीचा खर्च कित्येक सर्व्हिसिंगच्या मजुरीइतका होतो. म्हणून माझे मत असे, की वॉरंटी संपेपर्यंत ऑइल सर्व्हिस सेंटरलाच बदलावे, म्हणजे नोंदही राहते. त्यानंतर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळता येणारा पाना) हाताशी असेल तर घरी. काढलेले ऑइल गटारात किंवा अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतू नये, बंद कॅनमध्ये भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

ब्रेक पॅडची जाडी टॉर्च लावून घरी पाहावी, ते बदलणेही हात बसल्यावर जमते. ब्रेक ऑइल मात्र घरचे काम नाही. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण ते हवेतला ओलावा शोषत जाते आणि ओलावलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. सोलापूरच्या सपाटीवर हा फरक जाणवत नाही. सामान लादलेली गाडी घेऊन वरंध किंवा आंबेनळीचा घाट उतरताना तापलेले ब्रेक ऑइल उकळून लिव्हर मऊ पडला, की तो जाणवतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत नळ्यांतली हवा काढण्याची पद्धत कंपनीनुसार बदलते, त्यामुळे हे काम सर्व्हिस सेंटरकडेच ठेवावे. टॅपेट सेटिंग (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणे), फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअब्सॉर्बरमधले ऑइल) आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगचेही तसेच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक निकषांच्या) गाड्यांत इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर जोडल्याशिवाय दोष नेमका कळत नाही, आणि गल्लीतल्या गॅरेजात तो असतोच असे नाही.

मग मिस्त्रीची गरज कुठे? ट्यूब असलेल्या स्पोकच्या चाकांना. हिमालयन ४११ किंवा एक्सपल्ससारख्या गाडीचे पंक्चर म्हणजे चाक उतरवणे आले, आणि वाकडे रिम स्पोक आवळून सरळ करण्याचे कसब आज प्रामुख्याने जुन्या मिस्त्रींच्याच हातात आहे. शिवाय सर्व्हिस सेंटरमध्ये आपली गाठ जॉब कार्ड लिहिणाऱ्याशी पडते, गाडी उघडणाऱ्याशी क्वचितच. मिस्त्रीकडे आपण शेजारी उभे राहतो, तो आवाज ऐकतो, विचारतो, दाखवतो. उमरगा किंवा इंडीच्या रस्त्यावर क्लच केबल तुटली तर शेवटी गाठायचा आहे तो असाच कोणीतरी, तेव्हा त्याच्याशी नीट बोलता येईल एवढे आपल्या गाडीचे ज्ञान असलेले बरे.

गाडीत बदल : काढता येतील असेच

बदलांच्या बाबतीत पहिली कसोटी कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सायलेन्सर बदलण्याचा विषय माझ्यापुरता इथेच संपतो. त्याने प्रवास सुखाचा होत नाही, आवाज आणि धुराच्या कलमाखाली वेगळी कारवाई होते ती निराळीच. उलट सामानाची सोय, सीट, विंडशील्ड यांत बोल्टने बसणाऱ्या आणि बोल्टनेच निघणाऱ्या वस्तू निवडाव्यात. मोठा बदल असेल तर विमा कंपनीला आधी कळवावे.

सामानासाठी कापडी बॅगा आणि धातूच्या पेट्या यांत निवड करायची तर आधी आपला प्रवास पाहावा. वर्षातून एक-दोनदा हंपी किंवा कोकण आणि एरवी सात रस्ता ते होटगी रोड अशी ये-जा असेल, तर कापडी बॅगाच बऱ्या. त्या हलक्या असतात, घरी आल्यावर काढून ठेवता येतात, आणि गाडी आडवी झाली तर पायाला कमी इजा करतात. फक्त सायलेन्सरपासून त्यांचे अंतर नीट राखावे लागते. पेट्यांना कुलूप लागते आणि पाऊस आत येत नाही, पण त्यांची चौकटच काही किलोंची असते आणि नवी पेठेच्या गर्दीत त्यांची रुंदी विसरून चालत नाही. चौकट अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरातून वेल्डिंग करून घेतली तर तयार चौकटीपेक्षा स्वस्त पडते. मात्र साध्या पाइपचे वेल्डिंग इंजिनच्या सततच्या थरथरीने जोडाजवळ तडकते, त्यामुळे पहिल्या लांब फेरीनंतर प्रत्येक जोड बोटाने चाचपून पाहावा. कोणतीही निवड केली तरी जड सामान खाली आणि पुढच्या बाजूला ठेवावे. टॉप बॉक्समध्ये पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारे भरली की पुढचे चाक हलके होते आणि महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हँडल डुलते.

जादा दिव्यांची गरज मात्र या जिल्ह्यात खरी आहे. गाळपाच्या हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चाललेले असतात आणि जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. ५५ वॅटच्या हॅलोजनची जोडी सुमारे ९ अँपिअर वीज ओढते, २० वॅटच्या एलईडीची जोडी साडेतीन अँपिअरच्या आत राहते; या वर्गातल्या गाडीच्या अल्टरनेटरचा विचार करता एलईडीच योग्य. वायरिंगमध्ये बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले (दिव्यांची वीज स्विचमधून न नेता स्वतःमधून नेणारा भाग) आणि मूळ वायर न कापता कपलरने जोड, एवढ्या तीन गोष्टींवर अडून बसावे. मूळ वायर कापून टेप गुंडाळलेला जोड दिसला की विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाण्याची दाट शक्यता असते, आणि तो जोड सुटतो तोही बहुधा भर पावसातच. वायरिंगचा अनुभव नसेल तर हे काम घरी करू नये, जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावे आणि रिले कुठे बसवला आहे ते त्याच्याकडून पाहून घ्यावे.

हत्यारांची खरेदी टप्प्याटप्प्याने करावी. आधी हवा मोजण्याचा गेज, कारण सोलापूरच्या उन्हात दुपारी टायर तापल्यावर पेट्रोल पंपावर दिसणारा आकडा फसवा असतो आणि दाब सकाळी गार टायरवरच मोजायचा असतो. मग चांगले बॉक्स पाने आणि अ‍ॅलन की, शेवटी टॉर्क रेंच. एक्सलच्या नटाला लागणारा टॉर्क ड्रेन बोल्टच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे दोन्ही कामे एकाच रेंचने अचूक होतील असे मानू नये. आणि जुळे सोलापुरात फ्लॅटच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याने, जिथे पॅडॉक स्टँड ठेवायलाही जागा नाही, निदान चेनचे काम तरी सोडू नये: गाडी सिंगल स्टँडवर लावून चेनचा समोर आलेला भाग पुसावा, वंगण द्यावे, गाडी हातभर पुढे ढकलावी आणि पुढचा भाग घ्यावा.